घरच्या लेझर प्रिंटरला कंपॅटिबल टोनर आणि टाकीच्या प्रिंटरला बाहेरची शाई: कुठे चालते, कुठे टाळावी?

कृष्णाकाठ, कराड

नमस्कार मंडळी.

आमच्या घरात दोन प्रिंटर आहेत आणि दोन्हींच्या बाबतीत एकच प्रश्न एकाच वेळी उभा राहिला आहे, म्हणून तो सविस्तर मांडतो.

पहिला प्रिंटर काळा-पांढरा लेझर आहे. माझी पत्नी आठवी ते दहावीच्या मुलांना घरी गणित शिकवते. सराव प्रश्नपत्रिका, भूमितीच्या आकृत्या आणि उत्तरसूची मिळून महिन्याला सुमारे पाचशे पाने छापली जातात. या प्रिंटरचा मूळ टोनर १,५०० पानांचा आहे असे खोक्यावर लिहिले आहे आणि त्याची किंमत ४,५०० रुपयांच्या घरात जाते. म्हणजे दर तीन महिन्यांनी एक टोनर, आणि तीन टोनरांच्या पैशांत जवळजवळ नवा प्रिंटर. गावातला दुकानदार त्याच मॉडेलचा कंपॅटिबल, म्हणजे दुसऱ्या कंपनीने बनवलेला, टोनर ७५० रुपयांना देतो, आणि रिकामा टोनर नव्या चिपसह (प्रिंटर कार्ट्रिज ओळखतो ती चिप) पुन्हा भरून देण्याचे ३०० रुपये घेतो. फरक इतका मोठा आहे की स्वस्त वस्तूत काहीतरी खोट असणारच, असे मनात येते.

शंका तीन आहेत. बाहेरच्या टोनरमुळे प्रिंटरचे खरोखर नुकसान होते का? प्रिंटरची वॉरंटी अजून काही महिने शिल्लक आहे, आणि सर्व्हिस सेंटरमधल्या गृहस्थांनी फोनवर सांगितले की बाहेरचा टोनर घातला तर वॉरंटी संपली असे समजा. हे कायद्याला धरून आहे का? तिसरी गोष्ट अशी की शेजाऱ्यांकडे याच मॉडेलचा प्रिंटर आहे. त्यांचा कंपॅटिबल टोनर व्यवस्थित चालत होता, पण एके दिवशी प्रिंटरने इंटरनेटवरून आपोआप अपडेट घेतले आणि ‘हे कार्ट्रिज स्वीकारता येत नाही’ असा संदेश दाखवून छपाई बंद केली. आपण पैसे मोजून घेतलेल्या यंत्रात कंपनीला असे करता येते का?

दुसरा प्रिंटर वहिनीचा, रंगीत, शाईच्या टाकीचा आहे. ती घरगुती मसाल्यांच्या पाकिटांची लेबले त्यावर छापते. तिला मूळ बाटली सुमारे ४०० रुपयांना मिळते आणि बाजारात दुसऱ्या नावाची बाटली १५० रुपयांना आहे. तिनेही ती घ्यावी का?

जाणकारांनी कृपया कारणांसह सांगावे. नुसते ‘चालते’ किंवा ‘चालत नाही’ अशी उत्तरे दुकानांत भरपूर मिळाली आहेत.

---

दुरुस्ती_टेबल, पुणे

प्रिंटर दुरुस्त करणे हाच माझा व्यवसाय आहे, त्यामुळे रोज टेबलावर येणाऱ्या यंत्रांवरून लिहितो. दोन प्रिंटरांची उत्तरे वेगवेगळी आहेत, आणि ती वेगळी का, हे एकदा लक्षात आले की दुकानदाराच्या शब्दावर विसंबून राहावे लागत नाही. प्रश्न असा विचारायचा: कागदावर चित्र उमटवणारा भाग कार्ट्रिजमध्ये आहे की प्रिंटरच्या पोटात? तो कार्ट्रिजमध्ये असेल तर वाईटात वाईट म्हणजे कार्ट्रिज वाया जाते. तो प्रिंटरमध्ये असेल तर खराब शाईची किंमत प्रिंटर मोजतो.

घरगुती लेझर प्रिंटरांपैकी बहुतेकांमध्ये चित्र उमटवणारा ड्रम टोनर कार्ट्रिजमध्येच असतो. आपल्याकडे वर्षानुवर्षे कार्यालयांत आणि झेरॉक्सच्या दुकानांत चाललेले एचपी लेझरजेट १०२० आणि एम१००५ हे प्रिंटर घ्या. त्यांचे १२ए कार्ट्रिज उघडले की आत ड्रम, त्याला विद्युतभार देणारा रोलर, टोनर उचलणारा मॅग्नेटिक रोलर, थर एकसारखा ठेवणारी डॉक्टर ब्लेड आणि ड्रम पुसणारी वायपर ब्लेड असे सगळे मिळते. मूळ कार्ट्रिज सुमारे २,००० पानांचे. ते संपेपर्यंत ड्रम पुष्कळ शिल्लक असतो, आणि म्हणूनच मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून पुण्याच्या तपकीर गल्लीपर्यंत रिफिलचा धंदा या एका कार्ट्रिजवर उभा राहिला. ब्रदरसारख्या काही कंपन्यांच्या लेझर प्रिंटरांत मात्र टोनर आणि ड्रम वेगळे असतात, ड्रम साधारण १२,००० पाने चालतो आणि स्वतंत्र विकत घ्यावा लागतो. तिथे हलक्या टोनरचा त्रास ड्रमला होतो आणि तो खर्च वेगळा बसतो, म्हणून तिथे निवड थोडी अधिक जपून करावी.

आता नुकसानाविषयी. टोनर म्हणजे शाई नव्हे, ती मेणयुक्त प्लॅस्टिकची अतिशय बारीक भुकटी आहे. ड्रमवर ती विद्युतभाराने चिकटते, कागदावर उतरते आणि फ्यूजर या तापणाऱ्या भागात साधारण २०० अंशांच्या आसपास वितळून कागदाला धरते. प्रत्येक प्रिंटरचा फ्यूजर ठरावीक तापमानाला चालतो, म्हणून त्याच यंत्रासाठी बनवलेली भुकटी हवी. किलोच्या पिशवीतली ‘सगळ्यांना चालणारी’ भुकटी भरली की एक तर पानभर करडी छटा येते, नाहीतर अक्षरे नीट वितळत नाहीत आणि बोट फिरवल्यावर काळे लागते. एचपी आणि कॅननच्या जुन्या काळ्या-पांढऱ्या यंत्रांचा टोनर चुंबकीय असतो, तर ब्रदरचा आणि सॅमसंगच्या घडणीच्या यंत्रांचा चुंबकीय नसतो. या दोन जाती एकमेकींच्या जागी कधीही भरू नयेत. योग्य जातीचा टोनर आणि नीट बांधलेले कार्ट्रिज असेल, तर कंपॅटिबलमुळे लेझर प्रिंटर बिघडलेला माझ्याकडे क्वचितच येतो. येतो तो गळक्या कार्ट्रिजमुळे काळा झालेला, आणि तो बहुतेक वेळा साफसफाईवर सुटतो.

रिफिल करून घेताना काय पाहावे, हे थोडे सविस्तर सांगतो, कारण चांगले आणि वाईट काम येथेच वेगळे होते. वायपर ब्लेड ड्रमवर उरलेला टोनर खरवडून एका वेगळ्या कप्प्यात टाकते. हा टाकाऊ टोनर प्रत्येक रिफिलच्या वेळी पूर्ण काढून टाकला पाहिजे. घाईच्या ठिकाणी भोक पाडून नुसती नवी भुकटी ओततात, टाकाऊ कप्पा तसाच राहतो, आणि दुसऱ्या-तिसऱ्या रिफिलला तो भरून वाहू लागतो. त्याहून वाईट म्हणजे काही जण हीच टाकाऊ भुकटी नव्या भुकटीत मिसळतात. तिच्यात कागदाची धूळ असते आणि ड्रमवर चरे तिच्यामुळे पडतात. आपल्या समोर कार्ट्रिज उघडायला सांगा. दोन्ही कप्पे रिकामे केले, ब्लेड पुसली, ड्रम वर्तमानपत्राखाली झाकून ठेवला, तर माणूस काम जाणणारा आहे. ड्रमला उजेड सोसत नाही, उन्हात तर काही मिनिटेही नाही, म्हणून कार्ट्रिज दुकानात नेताना आणि आणताना काळ्या पिशवीत असावे.

काम झाल्यावर तिथेच पाच-सहा पाने छापून घ्या आणि पानावर मोजपट्टी लावा. छोट्या लेझर प्रिंटरांच्या ड्रमचा घेर साधारण ७५ मिलिमीटर असतो. एकच ठिपका पानावर उभ्या दिशेने दर साडेसात सेंटिमीटरला पुन्हा दिसला, तर दोष ड्रमचा आहे आणि कितीही चांगला टोनर भरला तरी तो जाणार नाही. ठिपक्याऐवजी पानभर उभी रेघ असेल, तर वायपर ब्लेड किंवा ड्रमवरचा चरा तपासावा. एक ड्रम साधारणतः दोन, फार तर तीन रिफिलपर्यंत चांगला राहतो. त्यानंतर ड्रम आणि वायपर ब्लेड बदलून घ्यावी. तेवढे पैसे जास्त देऊनही हिशेब आपल्याच बाजूचा राहतो.

हिशेब करूनच पाहा. मूळ टोनर ४,५०० रुपयांत १,५०० पाने, म्हणजे पानाला तीन रुपये. कंपॅटिबल ७५० रुपयांत तितकीच पाने, म्हणजे पन्नास पैसे. वर्षाला सहा हजार पाने धरली तर फरक पंधरा हजार रुपयांचा आहे. कंपॅटिबल टोनर जाहीर केलेल्या पानांपेक्षा बरीच कमी पाने देऊन संपला, तरी हा फरक पुसला जात नाही. खोक्यावरची पानांची संख्या ठरावीक चाचणीपानावर मोजलेली असते आणि त्यात पानाचा अंदाजे पाच टक्के भागच काळा धरलेला असतो. ठळक शीर्षके आणि छायांकित आकृत्या असल्या की मूळ टोनरही तितका पुरत नाही.

वहिनींच्या टाकीच्या प्रिंटरचे गणित याच्या अगदी उलट आहे. उदाहरणार्थ, एप्सनच्या एल३१५० किंवा एल३२५० या प्रिंटरांना लागणारी ००३ क्रमांकाची काळी शाई ६५ मिलिलिटरच्या बाटलीत येते आणि कंपनी तिची ४,५०० पाने सांगते. ४०० रुपयांना ती बाटली घेतली तरी पानाला नऊ पैसे पडतात, आणि १५० रुपयांची बाहेरची बाटली घेतली तर साधारण साडेतीन पैसे. सहा हजार पानांमागे वाचतात ते तीनशे-साडेतीनशे रुपये. लेबलाला शाई जास्त लागते, म्हणून हा आकडा काही पट वाढवून धरा; तरीही तो शाईचे थेंब कागदावर फेकणाऱ्या एका हेडच्या किमतीपुढे लहान आहे, आणि एप्सनच्या या यंत्रांत हेड प्रिंटरमध्येच बसवलेले असते. कॅननच्या जी मालिकेत आणि एचपीच्या अनेक टाकी-प्रिंटरांत हेड काढून बदलता येते, त्यामुळे तिथे धोका थोडा कमी, पण नवे हेडही स्वस्त नसते. हेडची छिद्रे केसाहूनही बारीक असतात. निकृष्ट शाईतला गाळ आणि दोन वेगळ्या शाया मिसळल्यावर धरणारा साका त्यांच्यात अडकतो, मग हेड क्लीनिंग करत राहावे लागते, आणि प्रत्येक क्लीनिंगला शाई टाकाऊ पॅडमध्ये जाते. वाचवलेली शाई तिथेच संपते.

तिसरा प्रकार म्हणजे जुन्या पद्धतीचे छोटे इंकजेट, ज्यांत एचपी ८०३ किंवा कॅनन पीजी-७४५ अशी कार्ट्रिजे लागतात. त्यांचे हेड कार्ट्रिजवरच असते. तिथे सिरिंजने शाई भरायला माझी अजिबात हरकत नाही. फक्त कार्ट्रिज पूर्ण कोरडे होण्याआधी भरावे, कारण ही हेडे शाई तापवून बुडबुड्याच्या जोराने थेंब फेकतात आणि त्यांना थंड ठेवण्याचे कामही शाईच करते.

---

ग्राहकपक्ष, ठाणे

तांत्रिक बाजू वर उत्तम मांडली आहे. मी वॉरंटी आणि अपडेट या दोन प्रश्नांपुरते लिहितो.

फोनवर सांगितलेल्या वाक्याला फारसे महत्त्व देऊ नका; वॉरंटीचा छापील कागद वाचा. अनेक कंपन्यांच्या अटींचा आशय असा असतो की बाहेरच्या कार्ट्रिजमुळे झालेला बिघाड वॉरंटीत बसणार नाही. एचपीच्या छापील अटींत तर स्पष्ट म्हटलेले असते की बाहेरचे किंवा पुन्हा भरलेले कार्ट्रिज वापरल्याने वॉरंटीवर परिणाम होत नाही, मात्र बिघाड त्या कार्ट्रिजमुळेच झाला असेल तर दुरुस्तीचा खर्च ग्राहकाकडून घेतला जाईल. ‘बाहेरचा टोनर घातला म्हणून सगळी वॉरंटी गेली’ आणि ‘बाहेरच्या टोनरमुळे झालेला बिघाड आम्ही भरून देणार नाही’ ही दोन पूर्णपणे वेगळी विधाने आहेत. कागद ओढणारा रोलर झिजला किंवा पॉवर सप्लाय जळला, तर त्याचा टोनरशी संबंध काय, हे लेखी विचारा. दुरुस्ती नाकारली गेली तर नकाराचे कारण जॉबशीटवर (सर्व्हिस सेंटरच्या नोंदीच्या कागदावर) लिहून मागा. तोंडी नकार देणारे पुष्कळदा लेखी नकार देताना थांबतात.

आपल्या ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये ‘प्रतिबंधात्मक व्यापारी प्रथा’ अशी व्याख्या आहे, आणि एक वस्तू घेण्यासाठी दुसरी वस्तू घेण्याची पूर्वअट घालणे तिच्यात येते. टोनरच्या बाबतीत ती किती लागू पडते, हे त्या त्या तक्रारीच्या तपशिलावर ठरेल, परंतु तक्रारीत ही तरतूद नमूद करायला हवी. सुरुवात राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर करा. तिथे प्रश्न सुटला नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते, आणि मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी स्वतंत्र संकेतस्थळही सुरू केले आहे.

अपडेट करून कार्ट्रिजे नाकारण्याची गोष्ट जगभर गाजलेली आहे. सप्टेंबर २०१६ मध्ये एचपीच्या काही ऑफिसजेट प्रिंटरांनी एका ठरलेल्या दिवसापासून बाहेरची कार्ट्रिजे नाकारायला सुरुवात केली. ग्राहकांचा क्षोभ झाल्यावर कंपनीला ही रोक काढणारे पर्यायी फर्मवेअर (प्रिंटरच्या आतले सॉफ्टवेअर) द्यावे लागले. डिसेंबर २०२० मध्ये इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणाने त्याच कंपनीला एक कोटी युरोंचा दंड केला. त्याचे मुख्य कारण असे होते की बाहेरच्या कार्ट्रिजांवरील ही मर्यादा खरेदीच्या वेळी ग्राहकाला स्पष्टपणे सांगितलेली नव्हती. मला हा मुद्दा सर्वांत मोलाचा वाटतो. यंत्र विकताना खोक्यावर ठळक अक्षरांत ‘यात फक्त आमचाच टोनर चालेल’ असे लिहिलेले असेल, तर निदान निवड ग्राहकाच्या हातात राहते. विकल्यानंतर महिन्यांनी, मालक झोपलेला असताना, त्याच्या घरातल्या यंत्राचे वागणे बदलणे हा त्याच्या मालकीवरच घाला आहे, आणि तसे आपण ठामपणे म्हटले पाहिजे.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मे २०१७ मध्ये लेक्समार्क कंपनीच्या प्रकरणात असा निर्णय दिला की कार्ट्रिज एकदा विकले की त्यावरचा पेटंटचा हक्क संपतो. ते पुन्हा भरून विकणाऱ्याला कंपनी पेटंटच्या आधारे रोखू शकत नाही. तो निकाल आपल्याकडे बंधनकारक नाही, पण रिफिल म्हणजे काहीतरी चोरटा धंदा, असा जो समज पसरवला जातो त्याला हे उत्तर पुरेसे आहे.

मात्र एक भेद कसोशीने पाळा. स्वतःच्या नावाने विकला जाणारा कंपॅटिबल टोनर वैध वस्तू आहे. मूळ कंपनीच्या खोक्यात, तिचे बोधचिन्ह लावून विकला जाणारा दुसऱ्याचा टोनर ही बनावट वस्तू आहे आणि तिला कोणतेही समर्थन नाही. ‘ओरिजिनलच आहे, पण तुम्हाला निम्म्यात देतो’ असे कोणी म्हटले, तर पक्के बिल मागा आणि खोक्यावरचा कोड कंपनीच्या संकेतस्थळावर तपासा.

---

मीरा_सांगली

कृष्णाकाठ दादा, तुमच्या वहिनींचा प्रश्न वाचून लिहावेसे वाटले, कारण मीही चटण्या आणि मसाल्यांची लेबले घरीच टाकीच्या प्रिंटरवर छापते.

हेडचे वर सांगितलेच आहे. लेबलांसाठी त्याहून मोठी अडचण रंगाची आणि पाण्याची आहे. प्रिंटरच्या ड्रायव्हरमधले (संगणकावरून छपाई चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधले) रंगाचे प्रमाण मूळ शाईवर बेतलेले असते. मी एका दुकानातून बिननावाच्या बाटल्या आणल्या तेव्हा कांदा-लसूण चटणीच्या लेबलावरचा तांबडा रंग जांभळट उतरला, आणि तोच रंग जुळवत बसण्यात लेबलाचे कितीतरी कागद गेले. दुकानात शेजारी शेजारी ठेवलेली जुनी आणि नवी पाकिटे दोन वेगवेगळ्या घरची वाटू लागली. गिऱ्हाईक पाकीट रंगावरून ओळखते, त्यामुळे हा तोटा बाटलीच्या किमतीत मोजता येत नाही.

दुसरी गोष्ट पाण्याची. घरगुती टाकी-प्रिंटरांतल्या रंगीत शाया बहुतेक डाय प्रकारच्या, म्हणजे पाण्यात पूर्ण विरघळलेल्या रंगाच्या असतात. ओल्या हाताने पाकीट उचलले किंवा ते फ्रिजमधून काढल्यावर त्यावर दव धरले की अक्षर पसरते, आणि हे मूळ शाईतही होते. काही प्रिंटरांत, उदाहरणार्थ कॅननच्या जी मालिकेतल्या अनेक मॉडेलांत, काळी शाई पिगमेंटची असते. तिचे कण कागदावर बसतात आणि पाण्याला बऱ्यापैकी टिकतात. मात्र ज्या यंत्राची काळी शाई डाय आहे, त्यात ‘वॉटरप्रूफ’ म्हणून मिळणारी बाहेरची पिगमेंट शाई परस्पर ओतू नका. जुन्या शाईशी ती मिसळली की नळ्यांमध्येच गुठळ्या होण्याचा धोका असतो.

खाद्यपदार्थांच्या लेबलाला हे अधिक लागू आहे. अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबलविषयक विनियमांप्रमाणे लेबलावरचा मजकूर स्पष्ट, ठळक आणि सहज न पुसला जाणारा असावा लागतो. उत्पादनाची तारीख किंवा नोंदणी क्रमांकच पसरला, तर तो नुसता दिसण्याचा प्रश्न राहत नाही. म्हणून मी आता नावाचा रंगीत भाग टाकीच्या प्रिंटरवर मूळ शाईने छापते, आणि तारीख, वजन, घटक व नोंदणी क्रमांक यांची छोटी पट्टी लेझरवर काढून पाकिटाच्या मागे लावते. वितळून बसलेला टोनर पाण्याने हलत नाही. तुमच्या घरात दोन्ही प्रिंटर असल्यामुळे वहिनींना हे सहज जमेल, आणि ती पट्टी कंपॅटिबल टोनरवर छापली तरी काही बिघडत नाही.

दुकानाच्या काचेत ऊन येत असेल तर तेही पाहून ठेवा. डाय शाई उन्हात फिकी पडते, आणि माझ्या लेबलांवर स्वस्त शाईतला तांबडा सर्वांत आधी गेला.

---

कृष्णाकाठ, कराड

तिघांचेही मनापासून आभार. वहिनीने मूळ शाईच ठेवायची आणि मागची पट्टी लेझरवर काढायची, हे आमच्याकडे ठरले.

दुरुस्ती_टेबल साहेबांच्या सांगण्यावरून लेझर प्रिंटरचे कार्ट्रिज उघडून पाहिले. हिरवा ड्रम त्यातच आहे. प्रिंटरचा माहितीचा कागद छापून घेतला, त्यावर दोन गोष्टी दिसल्या: अपडेट आपोआप घेण्याची सोय चालू आहे, आणि ‘कार्ट्रिज प्रोटेक्शन’ नावाची सेटिंगही चालू आहे. आतला मूळ टोनर आता संपत आला आहे. या दोन सेटिंगचे काय करावे, आणि पहिल्यांदा रिफिल करून घ्यावे की कंपॅटिबल विकत घ्यावा?

---

दुरुस्ती_टेबल, पुणे

दोन्ही आजच बंद करा. प्रिंटर घरच्या वायफायवर असेल तर त्याचा आयपी पत्ता ब्राउझरमध्ये टाकल्यावर प्रिंटरचेच सेटिंगचे पान उघडते. अपडेटचा पर्याय तिथे मिळेल. प्रिंटर केवळ यूएसबीने वापरत असाल तर वायफाय बंदच ठेवावे, मात्र संगणकावरचे कंपनीचे ॲपही अपडेट घालू शकते, म्हणून तिथे विचारणा झाल्यास नकार द्या. इतकेही सांगितले पाहिजे की फर्मवेअर अपडेटमध्ये कधीकधी सुरक्षेच्या त्रुटींची दुरुस्ती असते. अपडेट बंद ठेवलेला प्रिंटर बाहेरून, इंटरनेटवरून छपाईसाठी खुला ठेवू नये, घरापुरता वापरावा. शेजाऱ्यांनी आधी दुकानदाराकडे नव्या चिपची मागणी करावी. अपडेटनंतर चिप बनवणारे काही काळाने नवी आवृत्ती आणतात, आणि चांगला दुकानदार ती बदलून देतो. जुन्या फर्मवेअरवर परत जाणे प्रत्येक मॉडेलमध्ये शक्य नसते.

कार्ट्रिज प्रोटेक्शन चालू असताना बसवलेले मूळ कार्ट्रिज त्याच प्रिंटरशी बांधले जाते आणि दुसऱ्या प्रिंटरमध्ये चालत नाही. त्यामुळे आता आत असलेले कार्ट्रिज इतर कोणाच्याही कामाचे नाही, पण तुमच्या प्रिंटरसाठी ते उत्तम आहे, कारण त्याचा ड्रम आणि ब्लेड मूळ कंपनीचे आहेत आणि फक्त एकदाच वापरलेले आहेत. पहिल्या वेळी याचेच रिफिल करून घ्या. दुकानदार वेळ वाचवण्यासाठी ‘हे ठेवून जा, भरलेले दुसरे घेऊन जा’ असे म्हणेल. ते घेऊ नका. दुसऱ्याच्या प्रिंटरशी बांधलेले कार्ट्रिज आपल्याकडे आले तर नवी चिप लावल्याशिवाय चालणार नाही, शिवाय त्याचा ड्रम कितव्यांदा फिरतो आहे हे कळणार नाही. कवचावर खाली आपली खूण करून ठेवा आणि शक्य असेल तर समोर बसून काम करून घ्या.

परीक्षांच्या दिवसांसाठी कंपॅटिबल टोनर एक जादा घेऊन ठेवा, मात्र घेतल्या दिवशीच प्रिंटरमध्ये घालून दहा-वीस पाने काढून पाहा. चिप ओळखली जात नसेल किंवा भुकटी गळत असेल, तर ते बदलून देण्याच्या मुदतीतच कळले पाहिजे. नंतर तो पुन्हा काळ्या पिशवीत घालून आडवा ठेवा. वॉरंटी असेपर्यंत सर्व्हिस सेंटरला प्रिंटर दाखवायची वेळ आली, तर कोणत्या कार्ट्रिजवर तो चालू होता हे खरे सांगावे आणि दोष दोन्ही कार्ट्रिजांवर येतो का, हे त्यांच्यासमोर तपासून जॉबशीटवर लिहून घ्यावे.

घरी टोनर सांडला तर घरातल्या व्हॅक्यूम क्लीनरने ओढू नका. भुकटी इतकी बारीक असते की ती साध्या गाळणीतून पार होऊन खोलीभर पसरते. ओलसर फडक्याने टिपून घ्या. कपड्यावर पडला तर आधी झटका आणि मग गार पाण्यात धुवा, गरम पाण्याने तो धाग्यात बसतो. ड्रम कायमचा संपलेली कार्ट्रिजे घंटागाडीत टाकू नयेत. ई-कचऱ्याच्या २०२२ च्या नियमांत प्रिंटरबरोबर कार्ट्रिजांचाही स्पष्ट उल्लेख आहे, त्यामुळे ती नोंदणीकृत ई-कचरा संकलकाकडे द्यावीत.